हेवीवेटची रिकामी रांग आणि सहा आठवड्यांची घाई

पत्र: "वय २०, उंची १८५ सेंटिमीटर, वजन १०६ किलो. सहा वर्षं कुस्ती केली, नंतर गोळाफेक. गेले आठ महिने एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, ठोसे-लाथा आणि कुस्ती एकत्र) शिकतोय. दोन हौशी लढती झाल्या, दोन्ही पहिल्याच राउंडमध्ये जिंकलो. दोन्ही मिळून दोन मिनिटंही लागली नाहीत. सगळे म्हणतात, वरच्या वजनात तरुण पोरंच नाहीत, चार-पाच लढती मारल्यास की थेट वर जाशील. एका आयोजकाने सहा आठवड्यांनी व्यावसायिक लढत देऊ केली आहे. कोच म्हणतात याच वजनात राहा, जिममधला एक जण म्हणतो ९३ किलोत उतर, दुसरा म्हणतो १२० पर्यंत वाढव. लढत घेऊ का? आणि वर खरंच जागा रिकामी आहे का? जाता जाता एक: धाकटी बहीण १७ वर्षांची आहे, ज्युदो करते, वजन ७४ किलो. तिलाही एमएमएमध्ये यायचंय."

वय वीस लिहिलंयस, तेव्हा अहो-जाहो बाजूला ठेवतो आणि उत्तर आधी देऊन टाकतो: ही लढत घेऊ नकोस. जागा रिकामी आहे हे खरं. पण सहा आठवड्यांची घाई तुला नाही, ज्याला कार्यक्रमातला रकाना भरायचाय त्याला आहे. तुझ्या वजनाचा वीस वर्षांचा पोरगा सहजी सापडत नाही, म्हणून फोन आला. टंचाई तुझ्या बाजूची आहे. ती उड्या मारण्यात घालवायची की शिकायला वेळ मागून घेण्यात, एवढाच खरा प्रश्न आहे.

आधी ही टंचाई कुठून आली ते बघ, कारण तुझ्या सरावातल्या अडचणी तिच्यातूनच येणार आहेत.

वजनगटांच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. एमएमएच्या युनिफाइड, म्हणजे सामाईक नियमांत फ्लायवेट ५६.७ किलोपर्यंत, बँटमवेट ६१.२ पर्यंत, म्हणजे मधे जेमतेम साडेचार किलो. वर चढत गेलं की मिडलवेट ८३.९, लाइट हेवीवेट ९३ आणि त्यानंतर एकदम हेवीवेट १२०.२. शेवटची पायरी २७ किलोंची. मधला १०२ किलोंचा क्रूझरवेट गट नियमांत २०१७ पासून आहे, पण यूएफसी या एमएमएच्या सर्वांत मोठ्या संस्थेने तो आजवर चालवलेला नाही. आहेत तेच दोन जड गट भरताना दमछाक होत असताना तिसरा गट भरायला माणसं कुठून आणणार? ऑलिंपिक फ्रीस्टाइल कुस्तीतही ९७ नंतर थेट १२५ आहे. तुझ्यासारखा १०५-११० किलोंचा माणूस दोन्हीकडे मधल्या खड्ड्यात पडतो.

दुसरं कारण म्हणजे तुझ्या मापाचं, पण चपळ शरीर. ते दुर्मीळ, आणि ज्याला लाभलंय त्याला बाकीचे खेळ बारा-तेराव्या वर्षीच उचलतात. रग्बी, अमेरिकन फुटबॉल, हँडबॉल, रोइंग, फेकीचे प्रकार. अमेरिकन फुटबॉलच्या एकट्या एनएफएलमध्ये ३२ संघ आणि प्रत्येकी ५३ खेळाडू, म्हणजे जवळपास सतराशे जागा. त्याखाली शाळा-कॉलेजांची भक्कम साखळी. एमएमएच्या जड गटांना अशी साखळीच नाही. त्यामुळे मोठा माणूस इकडे येतो तो पहिला खेळ संपल्यावर. जड गटांतली मोठी नावं बघ: रँडी कुटूर पहिली लढत लढला तेव्हा ३३ वर्षांचा होता, डॅनियल कॉर्मिए दोन ऑलिंपिकनंतर ३० व्या वर्षी आला, ब्रॉक लेस्नर २९ व्या, सिरिल गान २८ व्या, स्टीपे मिओचिच आणि फ्रान्सिस एन्गानू २७ व्या. दुसऱ्या टोकाला राउल रोसास ज्युनियर बघ. बँटमवेटमध्ये १७ व्या वर्षी त्याला यूएफसीचा करार मिळाला आणि १८ व्या वर्षी तो तिथे लढला. हेवीवेटमध्ये असा मुलगा दिसत नाही. लाइट हेवीवेटमध्ये जॉन जोन्स २०११ साली २३ व्या वर्षी विजेता झाला, आणि आज इतक्या वर्षांनीही उदाहरण द्यायचं तर तेच द्यावं लागतं.

तिसरं, वरचे लोक जागा सोडत नाहीत. हलक्या गटांत पायातला वेग गेला की खेळ आटोपतो. जड गटांत वेग थोडा कमी झाला तरी एका ठोशाचं वजन शिल्लक राहतं, आणि लढत फिरवायला तेवढं पुरतं. कुटूर २००७ मध्ये ४३ व्या वर्षी हेवीवेटचा विजेता झाला, ग्लोव्हर टेशेरा २०२१ मध्ये ४२ व्या वर्षी लाइट हेवीवेटचा. तेव्हा "तरुण नाहीत" याचा अर्थ "कोणीच नाही" असा घेऊ नकोस. दाराशी चाळिशीकडे झुकलेला, दोनशे डाव पचवलेला माणूस उभा असतो.

चौथ्या कारणाबद्दल फार कोणी बोलत नाही, पण आमच्या मते सर्वांत जास्त पोरं तिथेच गळतात. जिममध्ये मोठ्या माणसाला जोडीदार नसतो. नवा शंभर किलोंचा मुलगा येतो. सत्तर किलोवाल्यांसोबत ठेवला तर तो कोणाचा तरी गुडघा मोडतो किंवा घाबरून हात आखडता घेतो. एकुलत्या एका अनुभवी हेवीवेटसमोर टाकला तर रोज मार खातो. दोन-तीन महिन्यांत तो दिसेनासा होतो आणि कोच म्हणतो, मोठी पोरं टिकतच नाहीत.

आता तुझ्याकडे. दोन लढती, दोन विजय, दोन मिनिटं. हा विक्रम नाही, ही कोरी पाटी आहे. जड गटांत ठोसा लागला की लढत संपते, त्यामुळे विजयांचा आकडा फुगतो आणि पिंजऱ्यातली, म्हणजे लढतीच्या जाळीबंद रिंगणातली, मिनिटं वाढतच नाहीत. पाच-शून्य असलेल्या हेवीवेटने एकूण आठ मिनिटं लढलेली असू शकतात. त्याच काळात एखादा फ्लायवेट पंचांच्या निकालापर्यंत गेलेल्या पाच लढतींत पाऊण-एक तास काढतो. दम तुटल्यावर काय करायचं, खाली दाबले गेल्यावर श्वास कसा घ्यायचा, दुसऱ्या राउंडमध्ये डाव कसा बदलायचा हे मिनिटांतूनच येतं. विजय मोजून येत नाही.

रांग छोटी असल्याने ही उणीव खालच्या पातळीवर उघडी पडत नाही. ती पडते एकदम वर, सर्वांसमोर. एन्गानूने २०१७ मध्ये अँड्रे अर्लोव्स्की आणि ॲलिस्टर ओव्हरीम या दोघांना पहिल्या राउंडच्या दोन मिनिटांच्या आत आडवं केलं. जानेवारी २०१८ मध्ये मिओचिचने त्याला पंचवीस मिनिटं ओढत नेलं आणि तिन्ही पंचांनी मिओचिचच्या बाजूने ५०-४४ असा निकाल दिला. सुरुवातीच्या फटकेबाजीतच दम गेला होता, पुढे नुसतं टिकून राहणं उरलं. त्याला परत येऊन मिओचिचला हरवायला मार्च २०२१ उजाडला. गानची वाट अजून छोटी होती. २०१८ मध्ये पहिली लढत आणि ऑगस्ट २०२१ मध्ये हंगामी विजेतेपद. उभ्याने त्याच्याइतकं सफाईदार हलणारा हेवीवेट विरळाच. पण जानेवारी २०२२ मध्ये एन्गानूने, ज्याला सगळे नुसता ठोसेबाज समजत होते त्याने, गानला खाली पाडून लढत जिंकली. मार्च २०२३ मध्ये जोन्सने २ मिनिटं ४ सेकंदांत त्याची मान आवळली. एन्गानू आणि गान दोघे असामान्य खेळाडू आहेत, म्हणूनच त्यांची नावं घेतली. त्यांनाही जी फट वर जाऊन भरावी लागली ती तू खालीच भर, तिथे ती स्वस्तात भरते.

म्हणून एक वही कर आणि तिच्यात विजय-पराभव लिहूच नकोस, मिनिटं लिही. हौशी लढत तीन मिनिटांच्या तीन राउंडची, म्हणजे पूर्ण गेली तर नऊ मिनिटं. व्यावसायिक होण्याआधी निदान आठ ते दहा हौशी लढती आणि पिंजऱ्यातली पंचेचाळीस मिनिटं जमव. त्यातल्या तीन तरी तिसऱ्या राउंडपर्यंत गेलेल्या हव्यात, आणि एक तरी अशी की ज्यात तुला पाडून वर बसलेत आणि तू उठून उभा राहिलायस. प्रतिस्पर्धी मिळत नसतील, आणि तुझ्या वजनात मिळणार नाहीतच, तर कुस्तीच्या, गी (ज्युदोसारखं जाड जॅकेट) न घालता खेळायच्या जुजुत्सूच्या आणि हौशी बॉक्सिंगच्या स्पर्धा धर. ती मिनिटं वहीत वेगळ्या रकान्यात. पंचेचाळीसच्या हिशेबात ती धरायची नाहीत, पण गर्दीसमोर थकायची सवय तिथेच लागते. लढत पहिल्याच मिनिटात संपायला लागली, तर कोचला आधीच सांगून ठेव की समोरचा डळमळला तरी तो सुरक्षित असेल तिथे तू त्याला खाली नेऊन नियंत्रण करशील. तीस सेकंदांत मिळालेला नॉकआउट चित्रफितीत छान दिसतो, वहीत मात्र त्याची नोंद अर्ध्या मिनिटाचीच होते.

वजनाबद्दल तिघांनी तीन सांगितलं आणि एकानेही टेप लावली नाही. नाभीच्या पातळीवर पोटाचा घेर मोज, श्वास सोडून, पोट आत न ओढता. मानेचा घेरही घे. तुझ्या उंचीला पोटाचा घेर ९२-९३ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे उंचीच्या निम्मा, असावा. शक्य असेल तर डेक्सा स्कॅन करून चरबीचं प्रमाण नक्की कर, पण टेपनेही दिशा कळते.

समजा घेर १०४ आणि मान ४३ आली. चरबी अंदाजे २४-२५ टक्के. म्हणजे १०६ मधले साधारण ८० किलो हाडं, स्नायू आणि पाणी. चरबी १५-१६ टक्क्यांवर आणलीस की तुझं रोजचं वजन ९५-९६ होतं. मग तू लाइट हेवीवेटच आहेस, हेवीवेट म्हणून फिरतोयस इतकंच. आठवड्याला अर्धा किलो या वेगाने, ताकदीचा सराव चालू ठेवून आणि शरीराच्या प्रत्येक किलोमागे १.६ ते २.२ ग्रॅम प्रथिनं घेऊन खाली ये. कागदावर वीस आठवडे होतात, अडखळत धरलेस तर सात-आठ महिने. त्याहून घाई केलीस तर चरबीसोबत स्नायू जातात आणि ९३ ला पोचलेला माणूस आपलाच अर्धा जोर मागे ठेवून येतो.

समजा घेर ९४ आला आणि मान तेवढीच. चरबी १८ टक्क्यांच्या आसपास, बाकी ८७ किलो. १४ टक्क्यांपर्यंत उतरलास तरी तू १०१ किलोंचा. ९३ साठी शेवटच्या आठवड्यात आठ किलो पाणी उतरवावं लागेल, म्हणजे शरीराच्या आठ टक्के. ते करायचं नाही. पाणी उतरवायचंच तर पाच टक्क्यांची मर्यादा, आणि तीसुद्धा वजन आणि लढत यांत चोवीस तासांहून जास्त अंतर असेल तरच. ९३ साठी लढतीच्या आठवड्याची सुरुवात ९७ किंवा फार तर ९८ पासून व्हायला हवी. कॉर्मिए २००८ च्या ऑलिंपिकमध्ये ९६ किलो गटात उतरणार होता. वजन उतरवताना त्याची मूत्रपिंडं निकामी झाली आणि मॅटवर पाऊल न ठेवता त्याला माघार घ्यावी लागली. पुढे तोच माणूस २०१८ मध्ये हेवीवेटचा विजेता झाला, शंभरच्या वरच्या वजनात.

१२० चा सल्ला देणाऱ्याला विचार की ते चौदा किलो कशाचे असतील. वीस वर्षांच्या, आधीच ताकदीचा सराव केलेल्या मुलाला वर्षाला दीड-दोन किलो निखळ स्नायू चढले तरी खूप. बाकीची चरबी, आणि ती ओढायला हृदय तेच. हेवीवेट फेडोर एमेल्यानेंको १८३ सेंटिमीटर उंचीचा, साधारण १०५ किलोंचा. जवळपास तुझंच माप. २००१ पासून जून २०१० पर्यंत तो हरला नाही. कॉर्मिए १८० सेंटिमीटरचा. वजनाची कमतरता दोघांना नडली नाही. दुसऱ्या शक्यतेत बसत असशील तर १०४ ते १०८ मध्ये राहा आणि चोवीस-पंचविसाव्या वर्षापर्यंत अंग आपोआप भरतं तेवढं भरू दे. कोचचं म्हणणं बरोबर निघायची शक्यता आहे, मोजून बरोबर निघालं की झालं.

टेपमध्ये अजून एक गोष्ट दडलेली असते. मानेचा घेर ४३ सेंटिमीटरच्या वर असेल, तू घोरत असशील आणि सकाळी डोकं जड वाटत असेल तर झोपेत श्वास अडकतो का ते तपासून घे. जड गटांत हे वारंवार दिसतं, आणि अशा माणसाचा दम कितीही धावून वाढत नाही. वैद्यकीय तपासणीला जाताना रक्तदाबाचा मोठा पट्टा मागून घे. दंडाचा घेर ३४-३५ च्या वर असताना साधा पट्टा बांधला की दाब खोटाच जास्त दिसतो. चांगली धडधाकट माणसं एवढ्यावरून लढतीच्या आदल्या दिवशी अडकतात.

जोडीदारांचा प्रश्न सुटल्याशिवाय यातलं काही चालत नाही, म्हणून त्यावर जरा थांबतो. आठवड्यातून निदान एकदा तुला शंभर किलोंच्या वरचा माणूस लागेल. जिममध्ये नसेल तर ९७ आणि १२५ किलो गटांतले कुस्तीगीर शोध, ज्युदोत शंभर किलोंच्या वरच्या गटातले, रग्बीतले पुढच्या फळीतले. त्यांना एमएमए येण्याची गरज नाही. वर बसून दाबणं आणि कडेला रेटून धरणं त्यांना येतं, तेवढंच तुला हवंय. दर आठवड्याला जमत नसेल तर पंधरवड्यातून एकदा प्रवास कर, पण तो दिवस चुकवू नकोस.

बाकी दिवस ७५ ते ८५ किलोंच्या तिघांची पाळी लाव. पाच मिनिटांचा राउंड, दर मिनिटाला ताजा माणूस आत, तू मात्र तोच. प्रत्येक राउंडची सुरुवात तू खाली असताना. यात वेग आणि दम दोन्ही येतात. पण हलक्या जोडीदारासोबत एक वाईट खोड लागते. खाली सापडलास की तू तळव्याने छातीला रेटून त्याला उचलून फेकतोस. ऐंशी किलोवाला उडतो, ११५ किलोवाला उडत नाही. चाळीस सेकंदांत तुझे दंड भरून येतात आणि लांब केलेला हात आयता त्याच्या काखेत जातो. म्हणून नियम कर: खाली असताना तळवे छातीवर लावायचेच नाहीत. कोपर आणि गुडघा एकमेकांजवळ आणून मधे आडोसा करायचा, कंबर सरकवायची, मग उठायचं. हळू जमतं आणि आधी राग येतो, पण खरा मोठा माणूस वर आला की हेच चालतं. तू वर असशील तेव्हा भार गुडघ्यांवर घे, त्याच्या फासळ्यांवर नाही, नाहीतर महिनाभरात कोणी तुझ्यासोबत उतरणार नाही.

दोन जड माणसं खेळत असतील तर पाच बाय पाच मीटर जागा फक्त त्यांची, शेजारी दुसरी जोडी नको. गुडघ्याच्या दुखापती बऱ्याचदा डावात होत नाहीत. मोठा माणूस पडताना टेकलेल्या पायाच्या बाहेरच्या बाजूवर येतो, आपल्या जोडीदाराच्या किंवा शेजारच्याच्या, आणि आतला बंध फाटतो. पायामागे टांग अडकवून मागे बसायचे पाडाव तुमच्या वजनात सरावात बंद ठेवा. तू पट चांगला काढत असशील, सहा वर्षांच्या कुस्तीनंतर काढतच असशील, पण आत शिरताना मान खाली जाते का ते कोणाला तरी बाजूने बघायला सांग. कुस्तीत चालून जातं, इथे तीच मान आवळली जाते.

डोक्यावरच्या ठोशांचं स्पॅरिंग आठवड्यातून एकदा, तीन-चार राउंड, १६ किंवा १८ औंसांचे ग्लोव्ह्ज, निम्म्या जोराने. लढतीआधीच्या आठ आठवड्यांत एकूण दोन-तीन दिवस जोर वाढव आणि शेवटचे दोन आठवडे डोक्याला हात लागू देऊ नकोस. तुमच्या वजनातला निम्म्या जोराचा ठोसाही हलक्याच्या पूर्ण ठोशासारखा लागतो, म्हणून दोघांनी जोर आधी ठरवून घ्यायचा. डोळ्यांपुढे चमकलं, आठवण तुटली, मळमळलं तर तो दिवस संपला आणि डॉक्टरने हिरवा कंदील दाखवेपर्यंत संपर्क बंद. मान चारही दिशांना, हलक्या भाराने १५-२० वेळा, दोन फेऱ्या, आठवड्यातून तीनदा.

दमासाठी रस्त्यावर पळू नकोस, १०६ किलोंचे गुडघे त्याचा हिशेब नंतर मागतात. रोइंग मशीन किंवा सायकल, आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटं, पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने, नाडी १३०-१४० च्या आसपास. एक दिवस पाच मिनिटांचे पाच राउंड: दर मिनिटाला पंधरा सेकंद जीव तोडून आणि पंचेचाळीस सेकंद सैल. तिसरा राउंड संपल्यावर नाडी मोज. पहिल्या मिनिटात ती तीसने तरी उतरली पाहिजे. उतरत नसेल तर पाच-पाच मिनिटांच्या व्यावसायिक राउंडचा विषय काढू नकोस. ताकदीचे दोन दिवस पुरे. गोळाफेकीतून ती तुझ्याकडे आलेलीच आहे.

आता बहिणीचं. मुलींच्या जड गटांत टंचाई इतकी आहे की गटच उरलेला नाही. यूएफसीमध्ये स्त्रियांचा ६५.८ किलोंचा गट अमांडा नुनिसच्या जून २०२३ मधल्या निवृत्तीनंतर विझत गेला. आता सर्वांत वरचा चालू गट ६१.२ चा. केला हॅरिसनने ज्युदोत ७८ किलो गटात २०१२ आणि २०१६ ची ऑलिंपिक सुवर्णपदकं घेतली, एमएमएमध्ये ती आधी ७०.३ मध्ये लढली आणि वर जायचं म्हणून २०२४ मध्ये ६१.२ पर्यंत उतरली. जून २०२५ मध्ये विजेती झाली खरी, पण ते उतरणं जगज्जेत्या, पूर्ण वाढ झालेल्या खेळाडूचं होतं, भोवती जाणकारांचा ताफा असताना. सतराव्या वर्षी ७४ किलोंच्या मुलीने तेरा किलो उतरवायचा विचारही करू नये. ज्युदोत तिला ७० आणि ७८ असे दोन खरे, भरलेले गट आहेत. वीस-एकवीसपर्यंत तिथेच खेळू दे. सोबत आठवड्यातून दोन दिवस बॉक्सिंग, डोक्याला संपर्क न करता, आणि एक दिवस गीशिवाय जमिनीवरचा खेळ. तिच्या हातातून तेव्हा जॅकेटची कॉलर निघून जाईल आणि पकड कुठे घ्यायची हे तिला नव्याने शोधावं लागेल. ते आत्ता सुरू केलेलं बरं.

आयोजकाला फोन करून नम्रपणे नाही सांग आणि नातं तोडू नकोस. म्हण की दीड वर्ष हौशी गटात लढायचंय, तुमच्याच कार्यक्रमात हौशी लढती असतील तर आनंदाने येतो. तुझ्या वजनाचा मुलगा दीड वर्षाने त्याला आजच्याइतकाच दुर्मीळ असेल, तो पुन्हा फोन करेल. तेव्हा करार हातात आला की विजेतेपदाचा मजकूर नंतर वाच, आधी हे बघ: किती लढती आणि किती महिने तू बांधला जातोस, त्या काळात कुस्ती किंवा जुजुत्सूच्या स्पर्धा खेळायला मोकळीक आहे का, लढतीत गुडघा गेला तर शस्त्रक्रियेचा खर्च कोण देणार, सरावात गेला तर कोण, पिंजऱ्याशेजारी डॉक्टर आणि बाहेर रुग्णवाहिका आहे का, वजन लढतीच्या किती तास आधी होणार. समोरच्याचं नाव कळलं की त्याचे विजय मोजू नकोस, त्याची मिनिटं मोज. शून्य-सहा असलेला माणूस समोर उभा करत असतील तर तोही नकार दे. तसल्या लढतीने वहीत वीस सेकंदांपलीकडे काही पडत नाही, आणि त्यानंतरचा फोन तुला थेट वरच्या दहांतल्या कोणासमोर उभं करायला येतो.